गुहागर–विजापूर रस्ता राखणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

माननीय अभियंता साहेब आणि मॅडम, तसेच रस्त्यावर प्रत्यक्ष उन्हातान्हात राबणारे मुकादम आणि मैलकुली यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहते. माझं औषधांचं दुकान आहे. दुकान उघडायच्या आधीची पहाट आणि जमतील तेवढे रविवार सायकलवर जातात. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात लांबवर सायकल चालवणारे वाढलेत. त्यांत डॉक्टर, शिक्षक, निवृत्त फौजी, कॉलेजची पोरं असे सगळे आहेत. त्यांनी मला प्रतिनिधी नेमलेलं नाही, हे पत्र मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. तरी यांच्यापैकी कुणालाही विचारलंत तर याहून वेगळं काही सांगेल असं वाटत नाही.

विषय एकच आहे, पांढऱ्या पट्टीच्या डावीकडची जागा. डांबर संपतं तिथपासून गटारापर्यंतची साइडपट्टी. खड्ड्यांबद्दल तुम्हाला रोज कुणी ना कुणी लिहितं, वर्तमानपत्रात फोटो येतात, निवेदनं येतात. या कडेबद्दल मात्र कुणी लिहिताना दिसत नाही, म्हणून मी लिहिते.

आधी रस्त्याबद्दल बोलते, कारण तो तुमच्या ताब्यात आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. गुहागरला समुद्राच्या काठी निघालेला हा रस्ता चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत असं करत विजापूरला जातो. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. गाडीच्या काचा वर करून जाणाऱ्याला ते एका दिवसाचं काम वाटतं, आणि बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. सायकलवरच्या माणसाला दर दहा-पंधरा किलोमीटरला हवा, माती आणि वास बदललेला कळतो. गुहागर सोडताना नारळी-पोफळीच्या वाड्या असतात आणि अंगाला चिकटणारा खारा वारा. मोडकाआगर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे या टप्प्यात एकही चढ मोठा नाही आणि एकही सपाट तुकडा नाही, त्यामुळे चिपळूण येईपर्यंत मांड्या भरून येतात. कडेला जांभ्याचे चिरे रचलेले. पावसात मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत लाल मातीचा पट्टा उठतो. तो शर्ट पुन्हा पांढरा होत नाही.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग ओलांडायचा, मग खेर्डी, शिरगाव, अलोरे, आणि पोफळीपासून घाट. पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे आणि घाट चढून गेलं की त्याच वीजघराला पाणी देणारा जलाशय. कोयना भरली की पाण्याची पातळी 2163 फूट होते. पावसाळ्यात आमच्याकडे हा आकडा घराघरात तोंडपाठ असतो. गुहागरच्या वाळूवरून निघालेला सायकलवाला हेळवाकला येतो तेव्हा साधारण तेवढ्या उंचीचा डोंगर तो स्वतःच्या पायांनी चढून आलेला असतो.

वर आल्यावर लाल रंग मागे राहतो आणि काळा कातळ सुरू होतो. येराड, पाटण, भाताची खाचरं, सोबतीला कोयना नदी, वर डोंगरावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या. मल्हारपेठेच्या पुढे ऊस. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो प्रीतिसंगम. पुढे ओगलेवाडी. जिथल्या काचकारखान्याचे कंदील एके काळी खेड्यापाड्यांतल्या घरांत लागायचे, ते हे गाव. मग सुर्ली घाट. तो चढून कडेगावच्या बाजूला आलं की ओठ कोरडे पडायला लागतात. विट्याच्या पुढे रेणावीचा चढ, खानापूरचा माळ, भिवघाट, आणि मग जतकडे लांबच लांब मोकळं रान. ज्वारी, द्राक्षाच्या बागा, डाळिंब, ढालगावच्या बाजूला पुन्हा पवनचक्क्या. कोयनेच्या नवजाला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कधी त्याहूनही जास्त. जतला वर्षाला पाचशेच्या आसपास. ही दोन्ही टोकं जोडणारा हाच एक रस्ता आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर नेलं, त्या पाण्यानंही जवळजवळ हीच दिशा धरली. सुर्लीचा घाट सायकलवर चढलेल्या माणसाला ते पाणी वर न्यायला काय लागलं असेल ते पायांत कळतं.

एवढं सगळं डाव्या-उजव्या हाताला असताना आम्ही बघत काय असतो? पुढच्या चाकासमोरचे दहा फूट. मान वर करायची सोय नाही. ती का नाही, हे आता तपशिलात सांगते.

रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो. पेव्हर पुढे जातो, मागून रोलर फिरतो, रस्ता आरशासारखा होतो, लोक खूश होतात. त्या थराबरोबर रस्ता काही सेंटीमीटर उचलला जातो, पण शेजारची साइडपट्टी आहे तिथंच राहते. मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणायचं काम कागदावर असतं, पण ते शेवटी करायचं असतं, आणि शेवटचं काम नेहमीच मागे राहतं. असे दोन-तीन थर झाले की डांबराच्या कडेला पायरी तयार होते. पावसाळ्यात वरून वाहणारं पाणी त्याच कडेनं मुरूम धुऊन नेतं आणि पायरी आणखी खोल होते. काही ठिकाणी मी हात लावून पाहिलंय. तळहात उभा धरला तर बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत.

आता या पायरीवर सायकलचं काय होतं ते. आमच्या सायकलचा टायर 25 ते 32 मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे दोन बोटांएवढा. मागून ट्रक हॉर्न वाजवत येतो, समोरून एसटी येते, आणि तिघांना पुरेल एवढी जागा नसते. सायकलवाला डावीकडे खाली उतरतो. उतरताना बहुधा काही होत नाही. वर येताना होतं. चाक कडेला समांतर चाललेलं असतं, हँडल हलकंच उजवीकडे वळवलं की टायरची बाजू त्या पायरीला घासते, चाक वर चढत नाही, आणि हँडल वळलं तरी सायकल वळत नाही. तोल जातो तो उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला. आमच्या बरोबरचा एक अनुभवी सायकलस्वार असाच नव्यानं डांबर पडलेल्या एका पट्ट्यावर पडला. हेल्मेट होतं, वेग कमी होता, मागच्या टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं. तिथं खड्डा नव्हता. रस्ता अगदी गुळगुळीत होता. कुणी पाहणीला आलं असतं तर त्या रस्त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

हा सगळा हौशी लोकांचा प्रश्न आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या सायकलला गिअर आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, मागे लाल दिवा आहे. त्याच कडेनं सकाळी दप्तर पाठीला लावून दोघी-दोघी शाळेला जाणाऱ्या मुलींकडे यातलं काही नसतं. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली देतं, ही फार चांगली योजना आहे. सायकल दिली की ती चालवायला जागाही द्यावी लागते. त्याच कडेवर दुधाचे कॅन लावलेला माणूस असतो, ऊसतोडीच्या टोळीतल्या बैलगाड्या असतात, पंढरपूरकडे निघालेली दिंडी असते, मेंढरं घेऊन चाललेले धनगर असतात. चारचाकीला मधला भाग आहे. बाकी सगळ्यांना मिळून ही दीड-दोन हात जागा आहे.

सिमेंटच्या काँक्रीटचे जे नवे पट्टे झालेत त्यांची गोष्ट वेगळी. काँक्रीटला सांधे ठेवावेच लागतात, ते मला समजतं. आडवे सांधे सायकलला फक्त धक्का देतात. उभा सांधा, म्हणजे रस्त्याच्या लांबीनं जाणारा, आमच्यासाठी धोक्याचा असतो. त्यातलं भरण निघून गेलं की फट उघडी पडते, आणि दोन बोटांचं चाक त्या फटीत बसलं की ते रेल्वेच्या रुळासारखं फटीतूनच जातं, तुम्हाला कुठंही जायचं असो. गटाराच्या जाळ्यांचंही तसंच. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं असले तर चाक आत जातं, आडवे असले तर सायकल वरून सहज निघून जाते. जाळी बसवताना ती नव्वद अंशांत फिरवायला एक रुपयाही जास्त लागत नाही.

पूर्वेकडच्या टप्प्याबद्दल एक गोष्ट खास लिहायची आहे. विटा सोडलं की रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली असते. ती छाटली जाते, चांगलं काम आहे. वळणावरचं दिसायला लागतं. पण छाटलेल्या फांद्या साइडपट्टीवरच पडून राहतात. त्या आठ दिवसांत वाळतात, वाहनांच्या वाऱ्यानं काटे सुटून डांबरावर येतात, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या पट्ट्यातून पंक्चर न होता कुणी सायकल नेऊ शकत नाही. भर दुपारी, सावलीचं एक झाड नसलेल्या माळावर, टायर उलटा करून बोटांच्या पेरांनी तो काटा शोधत बसावं लागतं. तो बारीक असतो, टोक आत तुटलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतं तेव्हाच कळतं. नाही सापडला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. शाळकरी मुलीला पंक्चरचा खर्च आणि बुडालेला दिवस दोन्ही भारी पडतात. छाटणीच्या दिवशीच फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या तर हे सगळं टळेल. आणि सावलीचा विषय निघालाच आहे तर, रुंदीकरणात जी मोठी झाडं गेली त्यांच्या जागी लावलेली रोपं पहिले दोन-तीन उन्हाळे जगवा. वड आणि चिंच लावा, शोभेची झाडं नकोत.

गतिरोधक हवेत. गावातल्या शाळेसमोर तर हवेतच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोल पाठीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच सांगितलाय. आपल्याकडे एका रात्रीत उगवणारे हातभर रुंदीचे उंचवटे त्यात कुठंच बसत नाहीत. त्यांच्यावर पांढरे पट्टे नसतात, आधी पाटी नसते. रात्री उतारावरून येणाऱ्या सायकलला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेग कमी करायला रस्त्यावर आडव्या मारतात त्या खडबडीत रम्बलरच्या पट्ट्या मारताना डाव्या कडेला मीटरभर जागा मोकळी सोडा, एवढंच मागणं आहे. मोटारीला त्यानं काही फरक पडत नाही, ती मधूनच जाते. सायकलला मात्र हातातलं हँडल सुटण्यापासून वाचता येतं. पांढऱ्या पट्टीवर जे चमकणारे कॅटआय बसवता तेही पट्टीच्या आतल्या अंगाला घ्या. टायरखाली ते दगडासारखे लागतात.

घाटाबद्दल थोडं सविस्तर. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा समोरचं वळण, दरी, डोंगर सगळं नाहीसं होतं आणि फक्त एक गोष्ट उरते, कडेची पांढरी पट्टी. त्या वेळी आम्ही अक्षरशः तिच्या भरवशावर असतो. जिथं ती पुसली गेलेली असते तिथं सायकलवरून उतरून चालावं लागतं. म्हणून पट्टे मारायचं काम घाटात पावसाच्या आधी व्हायला हवं, दिवाळीनंतर नाही. दरडीचे दगड उचलले जातात तेव्हा मोठे धोंडे जातात आणि बारीक खडी वळणाच्या आतल्या बाजूला राहते. पॅचवर्क झाल्यावर उरलेली खडीही झाडून कडेलाच ढकलली जाते. उतरणारी सायकल वळणावर कललेली असते, तेव्हा टायर आणि रस्ता यांच्यामध्ये मूठभर खडी आली तरी ती सरकते. घाटाची कड पावसाळ्यात महिन्यातून एकदा खराट्यानं झाडली तरी पुष्कळ होईल. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीला एक मैलकुली असायचा, त्याच्या हद्दीतला दगड न् दगड त्याला माहीत असायचा, मोरी तुंबली की तो आधी पोचायचा. ती पदं भरली जात नाहीत, हे तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण रस्ता राखणं हे मुळात माणसाचं काम आहे, आणि तो माणूस परत हवा हे वरच्यांना सांगणारे तुम्हीच आहात.

रात्रीच्या प्रवासाबद्दलही लिहिते, कारण अनेकांना वाटतं की सायकल दिवसाच चालते. ब्रेवे राइडमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20 तास, 600 ला 40. म्हणजे तीनशेच्या पुढे रात्र आलीच. रात्री चालवणाऱ्याच्या अंगावर चमकणारं जाकीट असतं, पुढे-मागे दिवे असतात. त्याला रस्त्यावर मोठे दिवे नकोत. त्याला कड कुठं संपते हे कळलं पाहिजे.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198 अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला माहीत आहे आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी ते धाक म्हणून लिहीत नाही. कुणी गेल्यावर येणाऱ्या एक लाखाचा कुणाला उपयोग? कायद्यानं देखभालीला बांधकामाच्या बरोबरीचं मानलंय, तेवढंच लक्षात आणून द्यायचं होतं.

आणखी एक स्पष्ट करते. मला वेगळा सायकल ट्रॅक नको आहे. मोठ्या शहरांत तो लागत असेल. आपल्या भागात वेगळा रंगवलेला ट्रॅक केला तर पहिल्या सुगीत त्यावर सोयाबीन वाळत पडेल आणि दुसऱ्या वर्षी वडापावच्या गाड्या उभ्या राहतील. त्यात शेतकऱ्याचा किंवा गाडीवाल्याचा काही दोष नाही, त्यांनाही जागा हवीच आहे. मला सलग, डांबराच्या बरोबरीची, दाबून बसवलेली साइडपट्टी पुरे आहे. ती सगळ्यांच्या कामाची आहे. बंद पडलेला ट्रक तिथं उभा राहील, पायी चालणारा तिथून चालेल, आणि रुग्णवाहिकेला वाट देताना मोटारही निर्धास्त बाजूला उतरेल. शिवाय कडेला आधार असला की डांबराची कड तुटत नाही, हे तुम्ही आम्हाला शिकवायला हवं. कड ढासळली की रस्ता बाहेरून आत खात जातो आणि मग पुन्हा निविदा, पुन्हा थर, पुन्हा पायरी.

पाऊस सुरू व्हायच्या आधीचा महिना या कामासाठी सगळ्यात चांगला. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घेतला तर पहिल्या पावसात तो बसतो. सगळा रस्ता एकदम होणार नाही हे मान्य आहे. माझ्या मते पहिला क्रम गावांच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन किलोमीटरचा, कारण शाळेची मुलं तिथंच असतात. त्यानंतर घाटांतली वळणं. उघडा माळ शेवटी घेतला तरी चालेल, तिथं निदान मागून येणारा लांबून दिसतो.

आमच्याकडून काय होईल तेही लिहिते. किलोमीटरच्या दगडाचा आकडा, रस्त्याची बाजू आणि पायरीची खोली, असं कड तुटलेल्या जागांचं टिपण आम्ही फोटोसह तयार करून देऊ. घाट ते विटा एवढा टप्पा आमच्या रोजच्या पायाखालचा आहे. काम झाल्यावर कुठं टिकलं आणि कुठं वाहून गेलं तेही पहिल्या पावसानंतर कळवू. यासाठी आम्हाला मानपत्र, सत्कार, फलकावर नाव काही नको.

आणि एक विनंती. पाहणीला निघाल तेव्हा एकदा जीपमधून उतरून या. कराड ते मल्हारपेठ एवढंच, सकाळच्या वेळी, शाळा भरायच्या आधी. माझ्याकडे एक साधी, उंच हँडलची सायकल जादा आहे, सीट खाली-वर होते. दिवस तुम्ही ठरवा, मी त्या दिवशी दुकान उशिरा उघडेन.

आपली नम्र,
कराडची एक सायकलस्वार